रूळांवरची राखीव फौज: रेल्वेची प्रादेशिक सेना

लूपलाइन

रेल्वेच्या प्रादेशिक सेनेच्या सहापैकी पाच रेजिमेंट बंद करायचं २०२१ च्या सुमारास ठरलं. झाशी, कोटा, आद्रा, चंडीगड आणि सिकंदराबाद या गेल्या, बिहारमधली जमालपूरची तेवढी राहिली. मराठीत त्यावर कुणी काही लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. टीए (टेरिटोरियल आर्मी, म्हणजेच प्रादेशिक सेना) म्हटलं की आपल्याला धोनीचा आणि कपिल देवचा गणवेशातला फोटो आठवतो आणि विषय तिथेच संपतो. म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. प्रादेशिक सेनेचा कायदा १९४८ चा. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचं रीतसर उद्घाटन झालं. म्हणून टीए दिन ९ ऑक्टोबरला असतो. कल्पना साधी होती: माणूस नोकरीधंदा करत राहील, वर्षातून काही दिवस कॅम्पला जाईल आणि देशाला गरज पडली की गणवेश चढवून हजर होईल. या हजर होण्याला टीएत 'एम्बॉडी होणं' म्हणतात. सुरुवातीला या सेनेत जवळजवळ सगळंच होतं. पायदळ, रणगाडे, विमानविरोधी तोफा, किनाऱ्यावरच्या तोफा, फील्ड ॲम्ब्युलन्स, ईएमईच्या (लष्कराच्या यंत्रदुरुस्ती दलाच्या) वर्कशॉप, मालवाहू ट्रकच्या जीटी कंपन्या. १९७२ पर्यंत यातलं बहुतेक एक तर बंद झालं, नाही तर नियमित सैन्यात गेलं. उरलं ते पायदळ आणि खात्यांची युनिटं, म्हणजे रेल्वे, तेल, दूरसंचार, रुग्णालयं. पर्यावरणाच्या बटालियन १९८२ पासूनच्या.

रेल्वेची युनिटं १९४९ पासूनची. नाव 'रेल्वे इंजिनिअर रेजिमेंट', पण पूल बांधणारे इंजिनिअर डोळ्यांसमोर आणू नका. यात ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, स्टेशन मास्तर, पॉइंट्समन, फिटर, सिग्नलवाले, गँगमन असे सगळे. अधिकारी रेल्वेचेच गॅझेटेड साहेब. अख्खी छोटी रेल्वेच म्हणा ना, फक्त खाकी हिरवी झालेली.

हे कशासाठी? लढाईत तोफगोळे, रेशन, डिझेल, जखमी जवान, सगळं सीमेपर्यंत आणि परत न्यायचं असतं. आपल्याकडे अवजड माल लांबवर न्यायचा तर रेल्वेला पर्याय नाही. पण शांततेच्या काळात सैन्य हजारो इंजिन ड्रायव्हर पोसून काय करणार? बसून राहिलेला ड्रायव्हर चार वर्षांत ड्रायव्हर राहत नाही. रायफल महिन्याभराच्या कॅम्पमध्ये शिकवता येते, मालगाडी घाटातून उतरवणं येत नाही. उलटा हिशोब सोपा पडतो, ज्याला गाडी चालवता येते त्यालाच थोडं शिपाई करायचं. राखीव दळणवळण दलाचं सगळं मर्म माझ्या मते यातच आहे. ज्याचा शांततेतला धंदा आणि युद्धातलं काम एकच आहे, तोच खरा राखीव. बाकीचे हौशी.

ही कल्पना इंग्रजांचीच. जीआयपी आणि बीबीसीआय (आजच्या मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या पूर्वज) या दोन्ही रेल्वेंची स्वतःची व्हॉलंटिअर दलं होती. त्यांत भरणा युरोपियन आणि अँग्लो-इंडियन नोकरांचा. १८५७ नंतर रूळ, पूल, तारघरं यांची राखण विश्वासातल्या माणसांकडे असावी, हा हेतू उघड होता. १९२० नंतर युरोपियन-अँग्लो-इंडियनांसाठी ऑक्झिलरी फोर्स आणि हिंदी माणसांसाठी इंडियन टेरिटोरियल फोर्स अशी वाटणी झाली. स्वतंत्र भारताने दुसरीचं नाव थोडं बदलून ठेवलं, आणि पहिलीचं काम वेगळ्या माणसांना दिलं.

आता १९६५. जोधपूर-बाडमेर-मुनाबाव ही तेव्हा मीटरगेज लाइन, पुढे सीमेपलीकडे खोखरापार. फाळणीनंतरही या मार्गाने सिंधला गाडी जात असे. लढाईत हीच लाइन आघाडीची एकमेव धमनी झाली. ९ सप्टेंबर १९६५ रोजी गडरा रोड स्टेशन परिसरात पाकिस्तानी विमानांच्या हल्ल्यात रेल्वेचे १७ कर्मचारी मारले गेले. तिथे स्मारक आहे आणि दरवर्षी ९ सप्टेंबरला रेल्वेची माणसं जमतात.

१९७१ मध्ये याच भागात ११ इन्फंट्री डिव्हिजन सिंधमध्ये शिरली. वरची सूत्रं पुण्याच्या सदर्न कमांडकडे, म्हणजे लेफ्टनंट जनरल गो. गु. बेवूर यांच्याकडे, पुढे ते लष्करप्रमुख झाले. खोखरापार घेतलं, परचे-जी-वेरी घेतलं आणि नया छोरसमोर फौज अडली. नकाशावर पाहिलं तर प्रश्न पडतो, समोर मोकळं वाळवंट, मग अडलं कुठे? एका बाजूला शत्रूचा मोर्चा होताच. पण मागे वाळू, पाण्याची टंचाई आणि नसल्यात जमा रस्ते. तुटलेला मुनाबाव-खोखरापार सांधा जोडून पुढे गाड्या न्याव्या लागल्या, आणि ते काम रेल्वेच्या माणसांनी केलं, त्यात टीएवाले होतेच. इथे एक कायदेशीर खोच आहे. टीएच्या माणसाला देशाबाहेर सेवेला पाठवायचं तर केंद्र सरकारचा आदेश लागतो. बाडमेरचा ड्रायव्हर मुनाबावच्या थोडा पुढे गेला की तो परदेशात.

आणि १९७४. इथे या दलाची दुसरी बाजू दिसते. ८ मे ते २७ मे, सतरा लाखांच्या आसपास रेल्वे कामगारांचा संप, पुढारी जॉर्ज फर्नांडिस. संप मोडायला सरकारने जे जे वापरलं त्यात टीएही होती. टीएतल्या रेल्वेवाल्याला एम्बॉडी केलं की त्याला लष्करी कायदा लागू. काल 'मी संपावर आहे' म्हणू शकणारा माणूस आज तेच म्हणाला तर तो हुकूम मोडणारा सैनिक.

माझं म्हणणं असं की या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. सीमेवर बॉम्ब पडत असताना ड्रायव्हरने इंजिन सोडून जाऊ नये म्हणून जे बंधन हवं, तेच बंधन संपात त्याच्या गळ्यात येतं. १९७४ नंतर या रेजिमेंटना मोठं युद्धकाम मिळालं नाही. कारगिलसाठी रूळ जम्मूपर्यंतच होते, पुढचं ट्रकवर. २००१-०२ च्या ऑपरेशन पराक्रममध्ये, म्हणजे सीमेवरच्या फौजेच्या जमवाजमवीत, लष्करी गाड्या भरपूर धावल्या, पण त्या नेहमीच्या रेल्वेने नेहमीच्या माणसांकडून धाववल्या. २०२१ च्या जूनमध्ये पश्चिम मालवाहतूक मार्गिकेवर न्यू रेवाडी ते न्यू फुलेरा अशी लष्करी गाडीची चाचणी झाली, तीही तशीच. मग सहा रेजिमेंट कशाला, असं कुणालाही वाटणार. जमालपूरची राहिली ती न्यू जलपाईगुडी ते रंगिया या पट्ट्यासाठी. ईशान्येला बाकीच्या देशाशी जोडणारा सिलिगुडीचा चिंचोळा भाग त्यात येतो, कारण सांगायला नको.

पाच मोडल्या ते बरोबर केलं का? मला अजून पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

*

चौकस

छान माहिती. भुसावळला टीएचं केंद्र आहे ते यातलंच का? जाता-येता पाटी पाहिली आहे. रेल्वेचं एवढं मोठं गाव म्हणून मी समजत होतो की ते रेल्वेवाल्यांचंच असणार.

*

लूपलाइन

@चौकस, नाही. भुसावळची ११८ इन्फंट्री बटालियन, ग्रेनेडिअर्सची. म्हणजे पायदळ. तशीच पुण्याची १०१ आणि कोल्हापूरची १०९ मराठा लाइट इन्फंट्रीच्या. महाराष्ट्रात एवढं जुनं रेल्वेचं जाळं असून रेल्वे रेजिमेंटचं मुख्यालय इथे शेवटपर्यंत उरलं नाही, याचं मलाही नवल वाटतं.

*

कामठीचा पोट्टा

रेल्वेचं जाऊ द्या हो, तेलाचं कोणी लिहीनच नाही काय? आमच्या कामठीले ४१४ आहे, आर्मी सर्व्हिस कोअर बटालियन, मार्केटिंग, टीए. नाव ऐकून पहिल्यांदा लोकं हसतात. सैन्यात मार्केटिंग? अन् जवान काय विकणार, साबण? तर तेल कंपन्यांत मार्केटिंग म्हणजे डेपो, टँकर, पंप, विमानतळावरचं इंधन हे सारं खातं. रिफायनरीतून निघालेलं तेल गाडीच्या टाकीपर्यंत न्यायचं काम. तिथली नोकरदार माणसं या बटालियनमध्ये असतात.

धागाकर्त्यानं जे म्हटलं ना, शांततेतला धंदा न् युद्धातलं काम एकच पाहिजे, ते इथं शंभर टक्के लागू पडते. डेपोत टँकर कसा भरायचा, अर्थिंग कसं लावायचं, पेट्रोलमध्ये पाणी आलं तर कसं ओळखायचं, हे शिपायाले महिन्यात नाही शिकवता येत. एक चुकला तर अख्खा डेपो जाईन.

*

ऑलिव्हग्रीन

मी रेल्वेच्या टीएत काही वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. रेजिमेंट कोणती ते सांगत नाही.

लेख बरोबर आहे पण जरा जास्त गोड आहे. कॅम्पमध्ये आम्ही काय करायचो? सकाळी पीटी, मग ड्रिल, मग रायफल खोलणं-जोडणं, एक दिवस फायरिंग, संध्याकाळी व्हॉलीबॉल. आणि शेवटी मोठा खाना. रेल्वेचं काम किती? फार थोडं. तुटलेला रूळ रात्री दिव्याशिवाय जोडा, सिग्नल बंद पडलेल्या सेक्शनमध्ये कागदावर लाइन क्लिअर (पुढे जायची परवानगी) देत गाडी काढा, उलटलेला डबा क्रेन नसताना बाजूला करा. असा सराव खरंतर आम्हाला हवा होता. तसा झाला, पण फार कमी वेळा. आम्हाला थोडं शिपाई करायच्या नादात आमचं रेल्वेपण तसंच राहिलं. ते तर रोजच्या ड्यूटीत होतंच, त्यासाठी कॅम्प कशाला?

दुसरी अडचण घरची, म्हणजे डिव्हिजनची. ड्रायव्हर आधीच कमी. कॅम्पला सोडा म्हटलं की वरिष्ठ तोंड वाकडं करणार. काहींच्या डोक्यात पक्कं बसलेलं की टीए म्हणजे ड्यूटीतून पळायची युक्ती. आणि खोटं कशाला बोलू, काही जण त्यासाठीच यायचेही.

तरीही बंद केलं ते मला पटलं नाही. सुधारायला हवं होतं.

*

मीटरगेज

एक तांत्रिक मुद्दा. कोणत्याही ड्रायव्हरला कोणत्याही सेक्शनवर गाडी देता येत नाही. आधी त्या मार्गावर जाऊन तो शिकावा लागतो. कुठे चढ आहे, कुठे वळण, सिग्नल कोणत्या झाडाआडून दिसतो, कुठे कायमची गतिमर्यादा आहे. याला 'रोड लर्निंग' म्हणतात, बोलीत एलआर. नवीन सेक्शनवर जायचं तर तो मार्ग येणारा माणूस शेजारी हवा. मग कोट्याची किंवा झाशीची रेजिमेंट एम्बॉडी करून बाडमेरला नेली तर तिथे पहिल्या दिवशी ती काय कामाची? १९६५-७१ ला तर गेजही वेगळं. ब्रॉडगेजवरच्या माणसाला मीटरगेजचं इंजिन देऊन चालत नाही.

म्हणून मला जमालपूरचा निर्णय शहाणपणाचा वाटतो. एक रेजिमेंट, एक पट्टा. त्या पट्ट्यावरचा एकेक सिग्नल त्यांना झोपेत सांगता आला पाहिजे. सहा रेजिमेंट देशभर पसरून सगळ्यांना सगळीकडे पाठवण्यापेक्षा हे बरं.

अवांतर: वाफेचं इंजिन म्हणजे पाण्याचं पिंप आहे. वाळवंटात फौजेला पाणी न्यायला गाडी, आणि गाडीला पाणी न्यायला दुसरी गाडी. १९७१ च्या वाळवंटातल्या मोहिमेबद्दल वाचताना हे कुणी फारसं लक्षात घेत नाही.

*

लूपलाइन

@मीटरगेज, एलआरचा मुद्दा मान्य. पण तोच माझ्या बाजूने जातो असं मला वाटतं. पट्ट्यानुसार रेजिमेंट हवी, म्हणजे जोधपूर-बाडमेरसाठी एक, पठाणकोट-जम्मूसाठी एक, पूर्वेसाठी एक. तीन-चार तरी राहतातच. आपण एकच ठेवली.

@ऑलिव्हग्रीन, तुमचा प्रतिसाद धाग्यापेक्षा मोलाचा आहे.

*

विदुला

मला एक प्राथमिक प्रश्न आहे. गडरा रोडला जे १७ जण गेले ते टीएतले होते का?

*

मीटरगेज

नाही. साधे रेल्वे कर्मचारी. म्हणूनच मला वाटतं धागाकर्त्याचा मुख्य मुद्दा तिथे लंगडा पडतो. गणवेश नसताना, लष्करी कायद्याची भीती नसताना ती माणसं कामावर होती. मग 'बंधन नसेल तर ड्रायव्हर इंजिन सोडून जाईल' हे कशावरून?

*

विदुला

अगदी हेच म्हणायचं होतं. युक्रेनचं उदाहरण घ्या. २०२२ मध्ये तिथल्या रेल्वेने बॉम्बहल्ल्यात लाखो माणसं बाहेर काढली, धान्य, औषधं नेली. बहुतेक सगळे साधे रेल्वे कर्मचारी. एप्रिलमध्ये क्रामातोर्स्क स्टेशनवर क्षेपणास्त्र पडलं, तरी गाड्या थांबल्या नाहीत. त्याच वर्षी शरद ऋतूत वीजव्यवस्थेवर हल्ले झाले तेव्हा विजेची इंजिनं बंद पडली आणि जुनी डिझेल इंजिनं काढावी लागली. त्यांना गणवेशाची गरज पडली नाही.

आणि डिझेलचं लक्षात घ्या. आपण जवळजवळ सगळं जाळं विजेवर नेलं आहे. ओव्हरहेड वायर तुटली की सेक्शन ठप्प. मला वाटतं रेजिमेंट किती हव्यात यापेक्षा सीमेजवळच्या शेडमध्ये डिझेल इंजिनं किती आणि ती चालवणारे किती, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

*

ऑलिव्हग्रीन

विदुलाताई, मुद्दा चांगला आहे, पण एक बाजू राहिली. गणवेशाने नुसतं बंधन येत नाही, संरक्षणही येतं. टीएचा माणूस एम्बॉडी असताना मेला किंवा जायबंदी झाला तर त्याच्याकडे सैनिक म्हणून पाहिलं जातं. नोकरीतली जागा, ज्येष्ठता शाबूत ठेवायची तरतूद कायद्यात आहे, मालक 'तू नव्हतास, तुझी जागा भरली' म्हणू शकत नाही. साध्या कर्मचाऱ्याच्या घरच्यांना हेच सगळं मिळवायला खेटे घालावे लागू शकतात.

आणि हुकुमाची साखळी. आघाडीवरचा ब्रिगेडिअर स्टेशन मास्तरला हुकूम देऊ शकत नाही. तो डीआरएमला (रेल्वेच्या डिव्हिजनच्या प्रमुखाला) कळवणार, डीआरएम कंट्रोलला, कंट्रोल मास्तरला. टीएचा मेजर तिथे असेल तर एका फोनवर काम होतं. मोठ्या स्टेशनांवर एमसीओ (लष्कराच्या वाहतुकीची व्यवस्था पाहणारे) असतात ते याच सांध्यावर बसलेले लोक आहेत, पण त्यांच्या हाती गाडी चालवणारी माणसं नसतात. ते डबे मागतात, वेळ ठरवतात, चढउतार पाहतात.

*

खान्देशी

आमच्या घरात ७४ चा संप होता. वडील संपात, काका टीएत. दोघं एकाच शेडचे.

काकांना बोलावणं आलं तेव्हा ते गेले. गेले नसते तर काय झालं असतं हे त्यांना माहीत होतं. वडिलांनी त्यांच्याशी नंतर किती तरी काळ बोलणं टाकलं. आजी मध्ये पडून दोघांना एका पंगतीला बसवायची, तरी ताटावर मान खाली. आम्हा पोरांना समजायचं नाही की नेमकं भांडण काय.

मोठा झालो तेव्हा दोघांशी स्वतंत्रपणे बोललो. काका म्हणायचे, मी ६५ ला भरती झालो तेव्हा संपाचा विचारही डोक्यात नव्हता, देशासाठी सही केली होती. वडील म्हणायचे, सही कशासाठी केली ते सही करणारा ठरवत नाही, कागद ज्याच्या कपाटात आहे तो ठरवतो. दोघांचंही बरोबर होतं. तेव्हा रनिंग स्टाफच्या (ड्रायव्हर, गार्ड अशा गाडीवरच्या माणसांच्या) ड्यूटीचे तास काय होते ते आजच्या पोरांना सांगून पटत नाही. १९७३ च्या ऑगस्टमध्ये लोको रनिंगवाल्यांनी आधीच एक संप केला होता आणि दहा तासांच्या ड्यूटीचं आश्वासन घेतलं होतं. ते नीट पाळलं जात नाही ही चुळबुळ ७४ मध्ये होतीच.

लेखात हा भाग एका परिच्छेदात उरकला आहे. माझ्यासाठी धागा तिथेच सुरू होतो.

*

लूपलाइन

@खान्देशी, धन्यवाद, मनापासून. तुमच्या वडिलांचं वाक्य या सगळ्या चर्चेत सर्वांत नेमकं आहे.

थोडी भर घालतो. १९४८ च्या मूळ कायद्यात टीए सर्वस्वी स्वेच्छेची होती. १९५२ च्या दुरुस्तीने सरकारी आणि सार्वजनिक सेवांमधल्या माणसांना सक्तीने टीएत घेण्याची सोय केली गेली. म्हणजे ही बाजू १९७४ मध्ये अचानक उगवली नाही, ती पहिल्या काही वर्षांतच कायद्यात येऊन बसली होती.

*

चौकस

संपात ज्यांना काढून टाकलं त्यांचं पुढे काय झालं?

*

खान्देशी

अटका हजारोंनी झाल्या, बडतर्फ्याही हजारोंनी. अनेक रेल्वे कॉलन्यांत संपवाल्यांच्या बायकापोरांना क्वार्टरमधून बाहेर काढलं. १९७७ ला जनता सरकार आलं आणि रेल्वेमंत्री झाले आपले मधू दंडवते. त्यांनी संपात गेलेल्यांना परत कामावर घेतलं. कोकण रेल्वेसाठी त्यांचं नाव सगळे घेतात, पण भुसावळ-मनमाडच्या जुन्या रेल्वेवाल्यांना विचारा, ते आधी हे सांगतील.

*

पिट्सबर्गकर

मी जिथे राहतो तिथून तासाभराच्या अंतरावर ग्रीन्सबर्ग नावाचं गाव आहे. तिथली अमेरिकन आर्मी रिझर्व्हची १४ वी क्वार्टरमास्टर डिटॅचमेंट हे या विषयाचं सगळ्यात कडवट उदाहरण आहे, म्हणून लिहितो.

काम काय, तर पाणी शुद्ध करणं. खाडीयुद्धासाठी जानेवारी १९९१ मध्ये बोलावणं आलं. ६९ माणसं. व्हर्जिनियात फोर्ट लीला महिनाभर प्रशिक्षण आणि १९ फेब्रुवारीला सौदी अरेबियात. पुढच्या हुकुमाची वाट पाहत धाहरानजवळ एका गोदामात मुक्काम होता. २५ फेब्रुवारीला रात्री पावणेनऊच्या सुमारास इराकी स्कड क्षेपणास्त्र त्याच गोदामावर पडलं. एकूण २८ सैनिक ठार, त्यांत या एका छोट्या तुकडीचे १३. आणखी ४३ जखमी. म्हणजे ६९ पैकी ५६. तीन दिवसांत युद्ध संपलं.

आता माझ्या धंद्यातला भाग. तिथे शत्रूचं क्षेपणास्त्र हवेतच पाडणारी पॅट्रियट क्षेपणास्त्रं तैनात होती, पण या स्कडवर ती सुटलीच नाहीत. प्रणालीचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायचं. एक दशांश हा आकडा द्विमान पद्धतीत (बायनरीत) नेमका लिहिता येत नाही, तो २४ बिटांत कापलेला होता. प्रत्येक वेळी नगण्य चूक. पण ती बॅटरी (पॅट्रियटची तुकडी) सलग शंभर तासांच्या वर चालू होती, चूक साठत जाऊन ०.३४ सेकंद झाली. स्कड तेवढ्या वेळात अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. रडार आकाशात चुकीच्या जागी पाहत राहिलं. ही अडचण आधी इस्रायलींनी कळवली होती, दुरुस्त सॉफ्टवेअर निघालं होतं, ते धाहरानला पोहोचलं २६ फेब्रुवारीला.

मुद्दा हा की मागच्या फळीतलं काम म्हणजे सुरक्षित काम हा समज आता धरू नये. आणि राखीव युनिट एकाच गावातलं असेल तर एका रात्रीत त्या परिसरातली इतकी घरं उजाड होतात. रेल्वे कॉलनीतली रेजिमेंट असती तर तेच झालं असतं.

*

विदुला

बाप रे. सॉफ्टवेअरची गोष्ट कॉलेजात शिकवली होती, पण त्या गोदामात कोण होतं हे कधी कुणी सांगितलं नव्हतं.

*

मीटरगेज

ब्रिटिशांनी तिसराच मार्ग काढला. १९९६ च्या त्यांच्या कायद्याने 'स्पॉन्सर्ड रिझर्व्ह' आणले. रणगाडे वाहून नेणारे मोठे ट्रेलर खासगी कंपनीचे, चालवणारे कंपनीचे नोकर, आणि तेच नोकर राखीव सैनिकही. कंत्राटातच लिहिलेलं की लढाई झाली तर एवढी माणसं गणवेशात येणार. आपल्याकडे मालवाहतुकीत खासगी कंपन्या वाढताहेत, कंटेनर गाड्या आहेत. उद्या कुणी हे सुचवलं तर?

*

ऑलिव्हग्रीन

नको रे बाबा. रेल्वेत निदान युनियन तरी आहे, कंत्राटी ड्रायव्हरला कोण? खान्देशींच्या वडिलांचं वाक्य तिथे दुपटीने लागू होईल.

*

कामठीचा पोट्टा

माह्या मते सारे एक गोष्ट विसरून राहिले. लढाई झाली नाही म्हणून युनिट फुकट, हा हिशोबच खोटा. लढाई झाली नाही म्हणून तोफा विकतो का आपण?

*

मीटरगेज

तोफ शेडमध्ये झाकून ठेवता येते. ड्रायव्हर कॅम्पला गेला की त्या दिवशी गाडी उभी राहते. राखीव माणसाची किंमत त्याचं खातं रोज मोजत असतं, ही या व्यवस्थेची खरी अडचण. टीए ही संरक्षण मंत्रालयाची गरज आणि रेल्वेचा खर्च. असा मामला किती दिवस टिकणार? मला तर ती सत्तर वर्षं टिकली याचंच आश्चर्य वाटतं.

*

लूपलाइन

हा मुद्दा मात्र मी खोडू शकत नाही. ऑलिव्हग्रीन यांनी कॅम्पचं जे वर्णन केलं आहे ते आणि हे एकत्र धरलं तर चित्र पूर्ण होतं. रेल्वेला माणूस सोडायचा नव्हता, सैन्याला रेल्वेचं काम शिकवायचं नव्हतं, आणि १९७४ नंतर युनियनला तर हे दलच नको होतं. तिघांपैकी कुणालाच ते आपलं वाटलं नाही. तरीही सीमेवरच्या दोन-तीन पट्ट्यांसाठी मीटरगेज म्हणतात तशी, मार्ग पाठ असलेली, डिझेल चालवता येणारी माणसं कागदावर नाव-पत्त्यासह तयार हवीत, यावर मी ठाम आहे. त्याला रेजिमेंट म्हणा, नाही तर नुसती यादी म्हणा. पण यादीतल्या माणसाला ऑलिव्हग्रीन यांनी सांगितलेलं संरक्षण मिळालं पाहिजे, आणि ती यादी संपात वापरता येणार नाही असं कायद्यात लिहिलेलं हवं.

*

खान्देशी

शेवटची ओळ कायद्यात लिहून घेऊ शकलात तर काका आणि वडील दोघांच्याही वतीने तुमचा सत्कार करतो.

*

चौकस

माझा भाचा रेल्वेत असिस्टंट लोको पायलट आहे, त्याला टीएत जायचंय. आता रस्ता बंद का?

*

ऑलिव्हग्रीन

रेल्वेच्या युनिटचं म्हणाल तर आता जमालपूरच उरली, तिची भरती कशी चालते ते त्याने आपल्या खात्यातून विचारावं. पायदळाच्या टीएत मात्र कुणीही कमावता नागरिक अर्ज करू शकतो, वय १८ ते ४२. खात्याचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल, ते अर्ज करण्याआधीच मागून ठेवायला सांगा, तिथेच सगळ्यात जास्त वेळ जातो. अधिकारी व्हायचं असेल तर पदवी, लेखी परीक्षा, मग मुलाखती आणि एसएसबी (लष्कराच्या निवड मंडळाची चाचणी). पळायची सवय आत्तापासून लावा म्हणावं, रनिंग स्टाफचे खाण्या-झोपेचे तास बघता तेच त्याला जड जाईल.